सतरा नंबरची बाटली

३ मे

"तेलाची चिंधी दोरीवर पसरून टाकत जा, बेबी. बोळा करून ठेवू नको."

बाबा म्हणाले होते. मी दहा वर्षांची असेन. त्यांच्या चित्रावर चोरून एक ठिपका दिला होता, हिरवा, आणि पकडले गेले. ठिपक्याबद्दल एक शब्द नाही. हे एवढंच वाक्य, आणि हातात चिंधी. मग दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आज हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये आठवलं, छत्तीस वर्षांनी. डॉक्टर सांगत होते: फुप्फुसं आहेत ती आता एवढीच. आठ-दहा दिवसांत घरी न्या. पण घरी ऑक्सिजनचं मशीन लागेल, दिवसातले सोळा तास तरी. मग कागदावरून मान वर न करता, "घर में पेंट, थिनर, ऐसा कुछ तो नहीं रखते न आप लोग?"

आई, मी, माझी तनू. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. तनूला हसू आलं, ते तिने खोकल्यात घालवलं.

"शौक है उनको," आई म्हणाली. चाळीस वर्षांचा शौक.

"तो पहले वो सब बाहर. साँस के लिए भी ज़हर है, और ऑक्सीजन के पास तो एक चिंगारी बहुत है."

घरी येताना रिक्षात डोक्यात एकच. जिन्याखालची खोली. फेब्रुवारीत बाबांचा दम वाढला तेव्हापासून बंद आहे. आत काय काय आहे ते त्यांनाच माहीत.


४ मे

खोली उघडली. खोली कसली, आडवं कपाट. दार ओढलं आणि वास असा आला की बाबाच बाहेर आले. डोळ्यांत पाणी. वासाने की कशाने, माहीत नाही.

तनू: "मम्मी, मास्क पहनो. सेंटी बाद में होना." वीस वर्षांची आहे, इथेच उत्तरेत वाढली, मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीतच.

बाटल्याच बाटल्या. लाल शरबताच्या, शिवाय लोणच्याच्या बरण्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, बाबांच्या ड्राफ्ट्समनी अक्षरात, सरळ उभं, पट्टीने आखल्यासारखं. 'ता. मळकं.' 'ता. निवळ.' 'थि.' बाबांनी जन्मात तारपीन फेकलं नाही. ब्रश धुऊन गढूळ झालेलं बाटलीत ओतायचं, महिनाभर बाटलीला हात लावायचा नाही. रंग तळाशी बसतो. वरचं निवळ हळूच दुसऱ्या बाटलीत, पुन्हा वापरायला. तळाचा गाळ बरणीत.

म्हणजे या बरण्यांत चाळीस वर्षांची चित्रं आहेत. उजेडात धरून पाहिलं. सगळ्यांचा मिळून एकच रंग झालाय, धुळीसारखा.

मागे भिंतीला टेकवलेलं मोठं चित्र. मलिहाबादची बाग, दशहरी आंब्याचं झाड, झाडाखाली आई बसलेली, ओट्यात कैऱ्या. सगळं पुरं झालंय. चेहरा नाही. चार वर्षं नाही. चेहऱ्याच्या जागी पिवळट कॅनव्हास.

आईने चित्राकडे बघितलं नाही. म्हणाली, "झाडून घे बाई नीट. झुरळं असतील."


६ मे

हॉस्पिटल. बाबांना सांगायचं कसं, रात्रभर हेच. पण त्यांनीच विचारलं, "खोली काढली?"

"काढली."

"नालीत ओतशील तर बघ."

"नाही ओतत."

"निवळ आहे ते वाया जाऊ द्यायचं नाही. थिनर आणि तारपीन एकत्र करायचं नाही." दोन वाक्यांमध्ये श्वास घ्यायला थांबतात. नळीखाली नाकाला वळ उठलाय. बोटाला लावायचं मीटर ९१ दाखवत होतं.

"तीस बाटल्या निघाल्या, बाबा."

"तीस? बरं."

डोळे मिटले. चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. ते 'बरं' मला कळलं नाही.


७ मे

कळलं. प्रत्येक बाटलीच्या बुडावर नंबर आहे. सरकारी ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षं काढलेला माणूस, नंबराशिवाय कपाटात टाचणी ठेवणार नाही. एक ते एकतीस.

सतरा नाही.

खोली पुन्हा उपसली. नाही. फुटली असेल, आई म्हणते. बाबांची बाटली फुटली असती तर त्यांनी वहीत लिहिलं असतं.


८ मे

शेजारच्या शुक्लाइन भिंतीवरून: "अरे बहा दीजिए नाली में. फिनाइल का काम करेगा, कीड़े भी मरेंगे."

नाही हो. नालीचं झाकण आमच्या दोघींच्या दाराच्या मध्ये. कोणी विडी टाकली तर... आणि पुढे ते पाणी जातं कुठे?

कचऱ्याच्या गाडीवाल्याला विचारलं. म्हणाला, हे यात नको, वेगळं जातं, घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या. फोन केला. चौथ्यांदा लागला. बाई चांगल्या होत्या. शनिवारी घेतात. बंद डबा, गळता कामा नये, वर लिहिलेलं हवं काय आहे ते.

दिवाळी अंकाच्या कथेची चार पानं लिहून झालीत, दोन महिन्यांपासून चारच. आज टेबलावर बसले, तर बाटल्यांच्या चिठ्ठ्याच लिहीत होते. सगळ्यांवर लाल पेनाने: पिऊ नये. शरबताच्या बाटल्या आहेत, मे महिना आहे, आईने कैरीचं पन्हं असल्याच बाटल्यांत भरलंय. चाळीस वर्षांत कोणी चुकून प्यायलं नाही हेच नवल.


९ मे

जानकीपुरम एक्स्टेन्शनला, जोगळेकर मॅडमकडे. औषधांवर संशोधन करणारी मोठी इन्स्टिट्यूट, तिथे त्या रसायनांतच वावरतात. मला वाटलं होतं, लॅबच्या कचऱ्यात आमचंही जाईल. त्या हसल्या.

"अहो, बाहेरचा एक थेंब घेतला तर मला घरी बसवतील. लॅबचा कचरा लॅबचा, तुमचा तुमचा."

पण चहा करून सगळं समजावलं. पुण्याच्या आहेत, समजावताना बोटं मोजतात. चांगलं आहे ते वापरणाऱ्याला द्या, त्याच्यासारखी विल्हेवाट नाही. गाळ पत्र्याच्या डब्यात, लाकडाचा भुसा घालून, झाकण घट्ट. थिनर वेगळं. काठोकाठ भरू नका. उन्हात ठेवू नका. उडून जाईल म्हणून उघडं तर मुळीच नको.

मी सगळं लिहून घेतलं.


१० मे

इरफ़ान भाई आले. दोन वर्षांपूर्वी घराची रंगरंगोटी त्यांनीच केली होती. एकेक बाटली उजेडात धरली, बूच काढून नाकापासून हातभर लांब हलवली.

"बाजी, ये तो निथारा हुआ तारपीन है. इतने सब्र का काम अब कौन करता है?"

"बाबा करते थे."

'थे' निघून गेलं तोंडातून. त्यांनी ऐकलं नाहीसं केलं. एकोणीस बाटल्या निवळ तारपीन घेऊन गेले. गोणपाटात गुंडाळून, मध्ये मध्ये वर्तमानपत्र, टेम्पोत उभ्या. निघताना म्हणाले, "चचा से कहिएगा, उनका तारपीन दरवाज़ों पे लगेगा, ज़ाया नहीं होगा."

आईने त्यांना पन्हं दिलं. बाटलीतून ग्लासात ओतताना त्यांनी एकदा हळूच हुंगलं. सगळेच हसलो. पहिल्यांदा, किती दिवसांनी.

आता उरलं थिनर आणि गाळ. आणि सतरा.


११ मे

खोलीतली खालची फळी. जवसाच्या तेलाचा डबा कधीतरी गळलाय, फळी चिकट. रंगात घालायला बाबा अमीनाबादहून आणायचे. पुसायला चिंध्या तिथेच होत्या, अर्धं पोतं. बाबांचे जुने शर्ट, आईच्या पातळांचे तुकडे. सात-आठ फडकी तेलाने ओली झाली. टाकून द्यायला म्हणून गच्चीवर नेऊन ठेवली.

संध्याकाळी बघते तर आईने ती सगळी गोळा करून बाकीच्या चिंध्यांबरोबर पोत्यात कोंबली होती. दाबून, वर सुतळी बांधून.

"गोधडीला कामाचे आहेत नं. सोड्यात उकळले की झालं."

"आई, तेलकट आहेत ती."

"जवसाचं तं आहे. जवसाची चटणी खाऊन मोठी झाली तू. त्याचं काय भेव?"

भंडाऱ्याच्या बाईला जवसाचं भेव कोण सांगणार? मी दमले होते. राहू दे म्हटलं.


१२ मे, बुद्धपौर्णिमा

सकाळपासूनचं क्रमाने लिहिते.

सकाळी पांढरी साडी. इथली आपली आठ-दहा कुटुंबं, सगळी नोकरीसाठी आलेली, दर वर्षी एका घरी जमतात. वंदना, खीर. बाबांची सगळ्यांनी चौकशी केली. दरवर्षी ते तिथलं बुद्धाचं चित्र मऊ फडक्याने पुसतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. यंदा कोणीच पुसलं नाही.

दोनला परत. ऊन मी म्हणत होतं. दार उघडलं तर आई जिन्यात थांबली. "कोण जवस भाजून राहिलं?"

खरंच. खमंग. चटणीला जवस तव्यावर टाकावेत तसा वास. शुक्लाइनकडे जवस कुठले! मग तो वास खमंग राहिला नाही.

तनू धावली. गच्चीवर ते पोतं, त्याला टेकून कूलरच्या जाळीत भरायचं नवं गवत, कोरडं ठाक. पोत्याच्या मधून धूर. ज्वाळा नाही. तनूने बादलीभर पाणी ओतलं, मी दुसरी, मग तिने काठीने सुतळी तोडली. पोटात निखारा होता. लाल. माझ्या मुठीएवढा. कोणी काडी लावली नव्हती. गच्चीवर कोणी आलंच नव्हतं.

गवताचं एक टोक काळं झालं होतं.

गच्चीच्या त्या कोपऱ्याखाली बाबांची खोली. मशीन तिथेच ठेवणार आहोत, परवा.

आई पायरीवर बसून राहिली. "खायचं तेल आहे नं ते." मला नाही, तेलालाच विचारत होती.

जोगळेकर मॅडमना सगळं विचारलं होतं, चिंध्यांचं नाही; तनूने फोनवर शोधून वाचून दाखवलं. जवसाचं तेल वाळताना तापतं. पसरलेलं असेल तर ऊब उडून जाते, बोळ्यात कोंडते, वाढत जाते. "मम्मी, नानाजी को पता था क्या ये?"

पता था. त्यांनी सांगितलंही होतं. मी दहा वर्षांची होते आणि मला वाटलं, बाबांना पसारा आवडत नाही.


१४ मे

बाबा घरी.

मशीन घुर्रघुर्र करतं, मध्ये एक सुस्कारा टाकतं. आईला वाटतं बाबाच. दर वेळी मान वळवते. नळी पंचवीस फुटी, संडासापर्यंत पुरते. स्वयंपाकघराकडे जायचं नाही असं ठरलंय, शेगडी आहे. बाबांनी नळी हातात धरून मापली, म्हणाले, "बकरीला दावं बांधतात तसं."

त्यांना सांगणार नव्हतो. पण गच्चीवरून काळं पाणी भिंतीवर ओघळलंय, ते खिडकीतून दिसतं. त्यांनी बघितलं.

"कोणी केला बोळा?"

"मी," आई म्हणाली.

"अगं, तेलाची चिंधी कोणी..."

"पन्नास वर्षं राहिले तुम्ही माझ्यासोबत. पोरीला सांगितलं, मला काहून नाही सांगितलं?"

"तू कधी त्या खोलीत आलीस?"

"तुम्ही कधी ये म्हटलं?"

मशीनने सुस्कारा टाकला. तनू उठून बाहेर गेली. मीही.


१७ मे

सतरा.

पलंगाखाली, गादीखाली, पुस्तकांमागे. संडासाच्या टाकीत सुद्धा पाहिलं. बाबांनी ड्रॉइंग गुंडाळून ठेवायची लांब नळी भिंतीवर आहे, तीही उलटी केली. एक मेलेली पाल.

बाबा बघत होते. मजा वाटत होती त्यांना, मी शपथेवर सांगते.

"काय शोधतेस?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला काय माहीत? मी हॉस्पिटलात होतो."

खोटं बोलताना त्यांचा आवाज मऊ होतो. लहानपणी आईला 'ब्रश जुनाच आहे' म्हणायचे, तोच आवाज. चिडावं तर मीटर ८९. न चिडावं तर त्या खोलीत कुठेतरी ती बाटली आहे, पातळ काच, ढिलं बूच, आणि शेजारी ऑक्सिजन सुटतोय. पोत्याला तर काडीही लागली नव्हती.

वास येतो कधी कधी. मग वाटतं, मलाच येतो.


१९ मे

सापडली.

सकाळचं औषध. मी गोळ्या काढत होते, आई खोकल्याचं औषध चमच्यात ओतत होती. तिचा एक डोळा मोतीबिंदूचा, पिकायची वाट बघतोय. बाबा डोळे मिटून, तोंड उघडून बसलेले, पिलासारखे. चमचा ओठापर्यंत गेला आणि बाबांनी तिचं मनगट धरलं.

"ती नाही. ती नाही गं."

चमच्यातलं पाण्यासारखं स्वच्छ होतं. खोकल्याचं औषध लाल असतं.

वास तेव्हा सगळ्यांनाच आला.

खोकल्याच्या औषधाची जुनी, तपकिरी बाटली. बूच मापाचं. उलटी केली. बुडावर, मुंगीएवढ्या अक्षरात: १७, ता. निवळ.

आणि बाटली मीच दिली होती. मीच. ज्या दिवशी दम लागून हॉस्पिटलला नेलं, त्या घाईत बाबांनी बोट दाखवलं होतं, "ती जुनी खोकल्याची घे." मी दाढीच्या सामानाबरोबर पिशवीत टाकली. ती हॉस्पिटलात होती. ऑक्सिजनच्या वॉर्डात. मी इथे खोली उपसत होते, आणि ती तिथे.

"बाबा, तुम्ही..."

"पीत नाही. उघडतो, हुंगतो, बूच लावतो."

"हॉस्पिटलातसुद्धा?"

"सिस्टर चहाला गेल्या की."

आई चमचा तसाच धरून उभी होती. "मी काय पाजत होते यांना?" दोनदा म्हणाली. मग चमचा खाली ठेवला, पदराने हात पुसले, पुसतच राहिली. "पोतं मी पेटवलं. आता हेही माझ्या हातून होणार होतं."

"नाही झालं नं," बाबा म्हणाले. पण मनगट सोडलं नव्हतं.

बाटली मी घेऊन गेले. गच्चीवर, टाकीच्या सावलीत, वाळूच्या बादलीत. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.


२० मे

तोंड अजून भिंतीकडेच.

नळी काढून उशाशी ठेवतात. लावली की थोड्या वेळाने पुन्हा काढतात. मीटर ८४. तनू हात जोडते, "नानाजी, प्लीज़." तिच्यासाठी दहा मिनिटं लावतात.

दुपारी मी म्हटलं, "बाटलीसाठी करता का हे?"

"तू तुझं नेलंस. मी माझं काढलं."

"ते माझ्यासाठी नेलं का मी?"

"त्या खोलीतलं सगळं नेलंस. माझं काय राहिलं सांग. गोळ्या?"

मी कपडे वाळत घालायला गेले. वाळत घालण्यासारखं काही नव्हतं.


२४ मे

शनिवार. केंद्रावर. आठ डबे, भुसा घातलेला गाळ आणि थिनर, वर लाल अक्षरं. पहिल्या दोन ई-रिक्षावाल्यांनी वासावरून नाही म्हटलं. तिसरा म्हणाला, "मैडम, बम तो नहीं है?" तनू: "अभी तक तो नहीं." नेलं त्याने.

तिथल्या बाईंनी डबे हलवून पाहिले, झाकणं दाबून पाहिली. "इतनी अच्छी पैकिंग कोई नहीं करता. ये लिखावट किसकी है?" काही डब्यांवर बाबांच्याच जुन्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. सांगितलं, वडिलांची. त्यांनी डबे आत नेले. पाच मिनिटांत संपलं. चाळीस वर्षं, पाच मिनिटं.

सतरा नंबर मी नेला नाही. अजून बादलीत आहे. बाबांनी विचारलं, "सगळं दिलं?" मी म्हटलं, सगळं. माझाही आवाज मऊ झाला असणार.


२६ मे

चित्र माझ्या खोलीत आणून ठेवलंय. झोपताना ते दिसतं, उठताना ते दिसतं. झाडाच्या पानांत एके ठिकाणी फार हिरवा ठिपका आहे. हे चित्र तर चार वर्षांपूर्वीचं, तो माझा नाही. तरी बोट लावून पाहिलं.

आज आई येऊन समोर बसली. पहिल्यांदाच.

"माझं तोंड काय इतकं कठीण आहे?"

"विचार त्यांना."

"विचारलं. म्हणे, तू एका जागी बसत नाहीस." मग जरा थांबून, "आता बसते मी दिवसभर त्यांच्यासमोर. आता त्यांना रंग नाही."

ती गेल्यावर मी बाबांचे ब्रश काढले. एकावर उरलेला निळा रंग घेतला, फडक्याला पुसला, मोहरीच्या तेलात घोळवला, पुन्हा पुसला, मग साबण. तीन वेळा. पाणी स्वच्छ आलं. तारपिनाचा थेंब न लागता. फडकं गच्चीच्या दोरीवर पसरून टाकलं, चार चिमटे लावून. दर अर्ध्या तासाने जाऊन हात लावून पाहत होते. थंड. उन्हाने तापलेलं, पण आतून थंड.


२७ मे

डॉक्टरांना फोन. चित्र पुरं करायचं तर कसं, सगळं विचारलं. चित्र घराबाहेर, मागच्या आंगणात, बाबांच्या खिडकीपलीकडे. खिडकी बंद. थिनर नाही, तारपीन नाही. तेलाची चिंधी घरात येणार नाही.

"पेशेंट नहीं करेंगे," डॉक्टर म्हणाले. "पेशेंट अंदर, मशीन पर. आप बाहर करना चाहें तो कीजिए."

मी. मला ब्रश नीट धरताही येत नाही. अक्षरं मांडणारी बाई मी, तीही हल्ली चार पानांवर थांबलेली.

मीटर सकाळी ८५. दुपारी नळी पुन्हा उशाशी. तनू म्हणाली, "मम्मी, कुछ तो करो. वो तुम्हारी ही सुनते हैं." कोणाचंही ऐकत नाहीत ते. पण माझ्यावर रागावतात, हे खरं. बाकी कोणावर रागावतही नाहीत आता.


२८ मे

खिडकीची काच पुसली, दोन्ही बाजूंनी. आंगणात स्टूल ठेवून पाहिलं. आई बसली तर तिच्यावर सकाळी नऊपर्यंत सावली असते. बंद खिडकीतून आवाज जात नाही, फोनवर बोलावं लागेल. बाबांना फोनचा तिटकारा.

आईला सांगितलं. "ते हात लावू देतील तुला? पुढच्या जन्मी." पण सांगून झाल्यावर केस विंचरले तिने. दुपारी, उगाच.

ब्रश उशाशी घेऊन गेले होते आज, दाखवायला. बाबांनी हातात घेतला, केसांवरून अंगठा फिरवला, नाकाशी नेला. कशाचाच वास नव्हता. परत दिला. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात मीटर बघायला घरी येते ती नर्स आली.

उद्या सकाळी. चहाआधी, आई अंघोळीला गेली की. नाही म्हणतील. मला माहीत आहे. भिंतीकडे तोंड फिरवतील आणि दोन दिवस बोलणार नाहीत. तरी, तिथे शब्द सापडणार नाहीत म्हणून इथे लिहून ठेवते.

बाबा, आईचा चेहरा मला काढू द्या. तुम्ही आत बसा, नळी लावून, आणि काचेतून सांगा. चुकले की ओरडा, फोनवर. सतरा नंबर मी दिलेला नाही, गच्चीवर आहे. शनिवारी तुम्ही म्हणाल तर केंद्रावर देईन, पण तुमच्या तोंडून ऐकून. ब्रश मी धरते. चिंध्या मी दोरीवर पसरून टाकीन, एकही बोळा होणार नाही. एकदा हात लावू द्या, बाबा.